केंद्रक गेलं तरी तांबडी पेशी जगते कशी?

मालवण तालुक्यातल्या अकरावीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "केंद्रक म्हणजे पेशीचा मेंदू, असं आम्ही शाळेपासून पाठ केलंय. प्रॅक्टिकलला कोंबडीच्या रक्ताची स्लाइड बघितली तर तांबड्या पेशींत केंद्रक स्पष्ट दिसलं. सर म्हणाले, माशातही असतं, माणसात मात्र नसतं. मेंदूच नसेल तर आपल्या तांबड्या पेशी जगतात कशा? मग केंद्रक नक्की करतं काय? आणि परीक्षेत काय लिहायचं?"

मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. रक्ताच्या स्लाइडा, गाठीतून सुईने काढलेले नमुने, गर्भाशयमुखाचे पॅप स्मिअर हे रोजचं. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली मी मुख्यतः केंद्रकंच बघत असते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

आधी तांबड्या पेशीचं बघू. आपली तांबडी पेशी मुळात केंद्रकाशिवाय जन्मत नाही. हाडांच्या मगजात ती तयार व्हायला लागते तेव्हा तिच्यात चांगलं मोठं, गोल केंद्रक असतं. पुढच्या काही दिवसांत ती विभागते, हिमोग्लोबिन बनवत जाते, आणि जसजसं हिमोग्लोबिन भरत जातं तसतसं केंद्रक आक्रसून गडद होतं. शेवटी पेशी ते बाहेर टाकते आणि शेजारची भक्षकपेशी ते गिळते. उरलेल्या पेशीत हिमोग्लोबिनचे आरएनए संदेश आणि ते वाचून प्रथिनं बनवणारे रायबोझोम अजून शिल्लक असतात, त्यावर आणखी एक-दोन दिवस थोडं काम चालतं. मग तेही थांबतं. त्यानंतरचे सुमारे १२० दिवस ती पेशी आधी बनवून ठेवलेल्या प्रथिनांवर काढते. एखादं प्रथिन झिजलं तर नवं बनवता येत नाही, विभाजन तर नाहीच. म्हणून मगजाला दर सेकंदाला साधारण २० लाख नव्या तांबड्या पेशी पुरवाव्या लागतात.

सस्तन प्राण्यांनी हे केंद्रक का टाकलं असेल, याचं नेहमीचं उत्तर असं देतात की हिमोग्लोबिनला जागा जास्त मिळते आणि पेशी लवचीक होऊन अगदी बारीक केशवाहिनीतूनही वाकून जाते. ते खरं आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं आणि तरी ते समुद्र ओलांडून उडतात. तेव्हा केंद्रक असलेली तांबडी पेशी कमी दर्जाची, असा अर्थ काढू नकोस. मोठ्या माणसाच्या रक्तात मात्र केंद्रकवाल्या तांबड्या पेशी दिसल्या की मी सावध होते. हाडांच्या मगजावर मोठा ताण आहे किंवा त्या मगजातच काही बिघडलंय, असा त्याचा अर्थ असतो. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलांच्या स्लाइडवर त्या हमखास भेटतात. नवजात बाळाच्या रक्तात थोड्या दिसल्या तर त्यात काही वावगं नाही.

आता मेंदूबद्दल. ही उपमा मला मुळीच आवडत नाही, कारण ती मुलांचा विचार थांबवते. मेंदू क्षणाक्षणाला हुकूम देतो. केंद्रक तसं करत असतं तर ते काढल्याबरोबर पेशी ठप्प झाली असती, आणि तसं होत नाही. योआखिम हेमरलिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात ॲसिटॅब्युलारिया नावाच्या समुद्री शेवाळावर प्रयोग केले. हे शेवाळ म्हणजे काही सेंटिमीटर लांबीची एकच पेशी. खाली मुळासारखा भाग, मध्ये दांडा, वर छत्री, आणि एकमेव केंद्रक अगदी तळाशी. त्यांनी दांडा कापून केंद्रकापासून वेगळा केला. तो दांडा जगला, एवढंच नव्हे तर त्याने नवी छत्रीसुद्धा बनवली. ती पुन्हा कापली तर मात्र दुसऱ्यांदा जमलं नाही. मग एका जातीच्या केंद्रकावर दुसऱ्या जातीचा दांडा बसवून बघितला. पहिली छत्री दोन्ही जातींच्या मधली आली, ती कापल्यावर आलेली पुढची छत्री केंद्रकाच्या जातीची आली. म्हणजे केंद्रकाकडून काही संदेश आधीच येऊन दांड्यात साठले होते. ते संपेपर्यंत जुन्या मालावर काम चाललं, नंतर नव्या केंद्रकाचा माल आला. आपली तांबडी पेशी हेच करते, फक्त तिला नवा माल कधीच मिळत नाही.

केंद्रकाचं काम डीएनए सांभाळणं, विभाजनाआधी त्याची तंतोतंत प्रत काढणं, आणि त्यातलं हवं ते जनुक हव्या त्या वेळी आरएनएच्या रूपात उतरवून देणं. पुस्तकं इथपर्यंत सांगतात. पण हे सगळं जीवाणूही करतो, आणि त्याला केंद्रक नसतं. मग वेगळी खोली कशाला? माझ्या मते अकरावीच्या मुलांनी घोळवावा असा प्रश्न हा आहे.

जीवाणूत डीएनएवरून आरएनए उतरत असतानाच रायबोझोम त्याला चिकटतो आणि प्रथिन बनवायला लागतो. आपल्या जनुकांत मध्येमध्ये असे तुकडे असतात ज्यांचा प्रथिनाशी संबंध नसतो. आरएनए उतरल्यावर ते तुकडे कापून काढावे लागतात आणि उरलेले भाग जोडावे लागतात. ही कापाकापी पुरी व्हायच्या आधी रायबोझोम त्याला भिडला तर चुकीची प्रथिनं बनतील. केंद्रकपटलामुळे उतरवणं आणि कापणं आत होतं, प्रथिन बनवणं बाहेर होतं, आणि दोन्हींच्या मध्ये वेळ मिळतो. त्या वेळात एकाच आरएनएचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जोडून एका जनुकातून एकाहून अधिक प्रथिनं काढता येतात. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत, प्रथिनं मात्र त्याहून कितीतरी जास्त, त्याचं एक मोठं कारण हे.

हे पटल दुहेरी असतं. बाहेरचा पदर आंतर्द्रव्यजालिकेशी, म्हणजे पेशीद्रव्यातल्या पटलांच्या जाळ्याशी, सलग जोडलेला असतो आणि त्यावर रायबोझोमही बसलेले असतात. दोन्ही पदर जिथे एकमेकांना मिळतात तिथे छिद्रं असतात. सस्तन प्राण्याच्या एका केंद्रकात अशी काही हजार छिद्रं. नुसतं भोक म्हणून ते सोडून देऊ नकोस. प्रत्येक छिद्र सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांनी बांधलेलं असतं, त्या प्रथिनांच्या अनेक प्रती आठ पाकळ्यांच्या रचनेत बसलेल्या असतात. लहान रेणू त्यातून सहज ये-जा करतात. साधारण ४०,००० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठं प्रथिन मात्र अडतं. त्याच्या साखळीत 'मला आत जायचंय' असं सांगणारा अमिनो आम्लांचा छोटा क्रम असावा लागतो. तो क्रम ओळखून इम्पोर्टिन नावाची वाहक प्रथिनं त्याला आत नेतात. रायबोझोमची गंमत बघ. त्याची प्रथिनं बनतात बाहेर, पेशीद्रव्यात. ती आत येतात, केंद्रकी म्हणजे केंद्रकाच्या आतला दाट गोळा, तिच्यात तयार झालेल्या आरएनएबरोबर त्यांचे दोन भाग जुळतात, ते भाग पुन्हा छिद्रातून बाहेर जातात आणि बाहेर एकत्र येऊन प्रथिनं बनवायला लागतात.

बाहेरून आत येणारे हुकूमही कमी नाहीत. स्तनाच्या कर्करोगाचा तुकडा माझ्याकडे येतो तेव्हा त्यावर इस्ट्रोजेन रिसेप्टरची चाचणी करतात. चाचणी पॉझिटिव्ह असेल तर पेशीचा बाकी भाग फिका निळसर राहतो आणि केंद्रकं तेवढी तपकिरी होतात, कारण हा रिसेप्टर केंद्रकात असतो. रक्तातून आलेलं इस्ट्रोजेन पेशीत शिरतं, त्याला जाऊन चिकटतं, आणि मग ही जोडी डीएनएवरची ठरावीक जनुकं चालू करते. गाठीतल्या किमान १ टक्का केंद्रकांना रंग आला तरी निकाल पॉझिटिव्ह धरतात, आणि त्या बाईला हार्मोनची गोळी द्यायची की नाही हे त्यावर ठरतं. म्हणजे अंडाशयातून निघालेला एक रेणू केंद्रकाला काय वाचायचं ते सांगतोय. इथे मालक कोण आणि नोकर कोण?

पटलाच्या आतल्या बाजूला लॅमिन नावाच्या प्रथिनांची जाळी असते. ती केंद्रकाला आकार देते. तिच्या जनुकात एक विशिष्ट बिघाड झाला तर लहान मुलं अकाली म्हातारी दिसू लागतात, त्या आजाराला प्रोजेरिया म्हणतात. हे कारण २००३ मध्ये सापडलं.

आता आतलं द्रव्य. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि केंद्रक जेमतेम ५ ते १० मायक्रोमीटरचं. हा धागा हिस्टोन प्रथिनांच्या गुंड्यांवर गुंडाळलेला असतो, एका गुंडीभोवती डीएनएच्या १४७ बेस-जोड्या, म्हणजे पावणेदोन वेढ्यांच्या आसपास. नुसतं कोंबणं सोपं आहे. खरी करामत अशी की त्यातला हवा तो भाग हवा तेव्हा मोकळा करता आला पाहिजे. रापणीचं जाळं होडीत कसं घालतात ते तू बघितलं असशील. कितीतरी लांबीचं जाळं लहान जागेत बसतं, पण घड्या अशा क्रमाने पडलेल्या असतात की समुद्रात सोडताना कुठेच गुंता होत नाही. केंद्रकातही प्रत्येक गुणसूत्राची आपली जागा असते. वापरात असलेले भाग सैल असतात आणि फिके दिसतात. बंद ठेवलेले भाग घट्ट आणि गडद दिसतात, त्यातले बरेच पटलाच्या कडेला लागलेले असतात.

माझं सगळं वाचन या फिक्या-गडदपणावर चालतं. रक्ताच्या स्लाइडवर निवांत असलेली लिम्फोसाइट ही पांढरी पेशी बघ. केंद्रक जवळजवळ पूर्ण पेशी व्यापून, गडद जांभळं, आत काही दिसत नाही. तिची बहुतेक जनुकं बंद आहेत. तिला एखाद्या विषाणूची चाहूल लागली की केंद्रक फुगतं, फिकं होतं आणि आत केंद्रकी ठळक दिसू लागते. केंद्रकी मोठी झाली म्हणजे रायबोझोमचं काम जोरात आहे, पेशी भरपूर प्रथिनं बनवण्याच्या तयारीत आहे. डेंग्यूच्या दिवसांत कोकणातल्या कुठल्याही लॅबमध्ये अशा जागलेल्या लिम्फोसाइट्स भरपूर बघायला मिळतात.

दुसरं उदाहरण ब-१२ जीवनसत्त्वाचं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे साधारण दोन ते पाच खंड असतात, बारीक धाग्यांनी जोडलेले. वयस्क, पूर्ण शाकाहारी आजी थकव्याची तक्रार घेऊन आल्या आणि स्लाइडवर सहा-सहा खंडांचे न्यूट्रोफिल दिसले, तांबड्या पेशी मोठ्या आणि अंडाकृती दिसल्या, की मी अहवालात ब-१२ आणि फोलेट तपासायला सांगते. ब-१२ कमी पडलं की डीएनएची प्रत काढायला उशीर होतो. प्रथिनं बनवणं मात्र तितकं अडत नाही. त्यामुळे पेशीद्रव्य वेळेवर पिकतं आणि केंद्रक मागे राहतं. प्रत काढणं आणि जनुक उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे या एका स्लाइडवर समजतं.

कर्करोगात केंद्रक सगळ्यात आधी बोलतं. गर्भाशयमुखाच्या नमुन्यात मधल्या थरातल्या निरोगी पेशीचं केंद्रक साधारण तांबड्या पेशीएवढं असतं, तेच आमचं माप. त्याच्या तीनपट, चौपट झालेलं, कडा वेड्यावाकड्या, रंग गडद, आतलं द्रव्य जाडंभरडं, आणि भोवती पेशीद्रव्याची नुसती किनार, असं दिसलं की पुढची तपासणी थांबवता येत नाही. मशेरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या लोकांच्या तोंडातल्या चट्ट्यांतही मी हेच शोधते. चट्टा दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, केंद्रकं मात्र तोवर बदललेली असतात. तुझ्या घरात कोणी मशेरी लावत असेल आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. हे मी मनापासून सांगतेय.

एका पेशीत एक केंद्रक, हाही नियम पक्का नाही. यकृताच्या बऱ्याच पेशींत दोन असतात, आपल्या हातापायांच्या स्नायूच्या एका तंतूत शेकडो. कोकणात राहणाऱ्याने शहाळं तर विसरूच नये. शहाळ्याचं पाणी म्हणजे नारळाचा द्रवरूप भ्रूणपोष, बीतल्या गर्भासाठीचं अन्न. फलनानंतर भ्रूणपोषाचं केंद्रक विभागत जातं, पण पेशींच्या भिंती पडतच नाहीत. त्यामुळे कोवळ्या फळाच्या पाण्यात मोकळी केंद्रकं असतात. पुढे ती कडेला जमतात, भिंती पडतात आणि आपण खातो ती मऊ मलई तयार होते, तिचंच पुढे खोबरं. नारळाच्या पेशीत ३२ गुणसूत्रं असतात. भ्रूणपोषात मादीकडची दोन आणि नराकडचं एक अशी तीन केंद्रकं मिळालेली असल्याने तिथे ४८. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. कॉलेजची सहल तिकडे गेली तर हे तिथल्या लोकांना जरूर विचार.

नारळाच्या पाण्यानेच केंद्रकाबद्दलची आणखी एक मोठी गोष्ट सिद्ध व्हायला मदत केली. अमेरिकेत एफ. सी. स्टीवर्ड यांनी गाजराच्या मुळातल्या पूर्ण वाढलेल्या पेशी नारळाचं पाणी घातलेल्या द्रवात वाढवल्या, आणि १९५८ मध्ये त्यांतून अख्खी गाजराची रोपं मिळाल्याचं जाहीर केलं. म्हणजे मुळाच्या पेशीच्या केंद्रकात पान, खोड, फूल बनवायची माहितीही शाबूत होती, फक्त बंद होती. प्राण्यांत हेच जॉन गर्डन यांनी दाखवलं. बेडकाच्या पिलाच्या आतड्यातलं केंद्रक त्यांनी केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं आणि त्यातून पोहणारी पिलं निघाली. त्यांचा निबंध १९६२ चा, नोबेल २०१२ मध्ये. अंड्याच्या पेशीद्रव्याने आतड्याच्या केंद्रकाला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

आणि प्रत किती तंतोतंत निघते याचा पुरावा तुझ्या आसपासच्या बागेत उभा आहे. हापूसचं कलम म्हणजे खाली रायवळ आंब्याच्या बाठीतून आलेलं रोप, वर हापूसची काडी. दोन्ही आंबेच, दोन्हींत ४० गुणसूत्रं. पण सांध्याच्या वरच्या फांदीत हापूसच्या केंद्रकाच्या प्रती निघत राहतात, खाली रायवळच्या. पन्नास वर्षांनीही वरून हापूसच लागतो, आणि सांध्याखालून फुटवा आला तर तो रायवळचा, म्हणून बागायतदार तो काढून टाकतात. हापूसची बाठ लावली तर मात्र तसंच झाड मिळेल याची खात्री नाही, कारण बाठीतल्या गर्भाचं केंद्रक परागीभवनातून, दोन झाडांच्या गुणसूत्रांतून बनलेलं असतं.

तुला स्वतः बघायचं असेल तर बांगडा घे, तो अगदी ताजा हवा, बर्फात फार वेळ राहिलेला नको. कल्ल्यांजवळचं रक्त थेंबभर स्लाइडवर घे आणि दुसऱ्या स्लाइडच्या कडेने एका झटक्यात पातळ पसर. त्यात साधं पाणी घालू नकोस, पेशी फुगून फुटतात. वाळल्यावर सरांच्या देखरेखीखाली मिथेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं ठेव, मग मिथिलीन ब्लूचे थेंब मिनिटभर, आणि हलक्या हाताने धुऊन टाक. ४० च्या भिंगाखाली लांबट पेशी आणि प्रत्येकीच्या मधोमध निळं, लांबट केंद्रक दिसेल. माशाच्या तांबड्या पेशीतला हा ठिपका लेव्हेनहूक यांनी आपल्या साध्या भिंगातून सामन माशात बघितला होता. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींवरून केंद्रकाचं वर्णन करून त्याला नाव दिलं, त्याच्या शंभरएक वर्षं आधीची ही गोष्ट. शेजारी कॉलेजच्या संग्रहातली माणसाच्या रक्ताची तयार स्लाइड लाव, म्हणजे फरक लगेच कळेल. तिच्यात केंद्रक दिसलं तर ती पांढरी पेशी समज.

परीक्षेचं म्हणशील तर 'पेशीच्या कार्यांवर नियंत्रण' हे वाक्य लिही, त्याला गुण आहेत आणि ते खोटं नाही. पण त्याखाली लगेच कसं ते लिही: डीएनएची प्रत, आरएनएची निर्मिती आणि कापणी, रायबोझोमच्या भागांची जुळणी. आकृतीत पटल एका रेघेने काढू नकोस. दोन रेघा काढ, मध्ये फट ठेव, बाहेरची रेघ एका ठिकाणी आंतर्द्रव्यजालिकेला जोड, आणि छिद्राजवळ दोन्ही रेघा एकमेकींना मिळव. केंद्रकीभोवती मात्र पटलाची रेघ नको. तिला पटल नसतं, तिथे नुसता दाट ठिपक्यांचा गोळा काढायचा.